'स्पेस' का फसला? 'द एक्स-फाइल्स'च्या नवव्या भागाची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: 'द एक्स-फाइल्स' ही गूढ प्रकरणं तपासणाऱ्या मल्डर आणि स्कली या दोन एफबीआय अधिकाऱ्यांची अमेरिकी मालिका पहिल्यापासून बघायला घेतली. आठवा भाग 'आइस' जबरदस्त, आणि लगेच पुढचा 'स्पेस' इतका रटाळ की मालिकाच सोडावीशी वाटली. लेखक खुद्द मालिकेचा जनक ख्रिस कार्टर, विषय अंतराळयानाचा, मग बिघडलं कुठे? पैसे कमी पडले का? भाग गाळला तर चालेल का? आणि स्वतः विज्ञानकथा मालिकेसाठी लिहिताना हे कसं टाळायचं?

गाळण्याचं आधी सांगतो. खुशाल गाळा. या भागातलं एकही पात्र नंतर लागत नाही आणि मालिकेच्या लांबलचक कटकथेला (सरकार परग्रहवासीयांचं सत्य दडवतंय, ही अनेक भागांत चालणारी गोष्ट) त्याचा धागा जोडलेला नाही. त्याच्या पुढचा 'फॉलन एंजल' मात्र चुकवू नका, तो त्या कटकथेचा आहे.

आता पैसे. 'स्पेस' मुळात पैसे वाचवायलाच लिहिला गेला होता. नासाकडची तयार दृश्यं वापरायची, बाकी सगळं एका नियंत्रण कक्षात उरकायचं, असा बेत. प्रत्यक्षात तो कक्ष उभारतानाच खर्च हाताबाहेर गेला आणि स्वस्तातला म्हणून योजलेला हा भाग पहिल्या पर्वातला सगळ्यात महागडा ठरला. गंमत म्हणजे 'आइस'सुद्धा काटकसरीसाठीच एका जागेत कोंडलेला होता, आणि तोही ठरलेल्या रकमेत बसला नाही. म्हणजे ५ नोव्हेंबर आणि १२ नोव्हेंबर १९९३ या लागोपाठच्या शुक्रवारी, तेच दोन मुख्य नट, चित्रीकरणाला तेच व्हँकूव्हर, तोच काटकसरीचा हेतू आणि तीच खर्चाची बोंब असलेले दोन भाग दाखवले गेले. एक आजही पहिल्या पर्वातल्या उत्तम भागांत गणला जातो, दुसरा मालिकेच्या चाहत्यांनाही आवडत नाही. पटकथा शिकणाऱ्याला इतकी सोयीची जोडी क्वचित मिळते. पैसा दोन्हीकडे जास्तच लागला, तेव्हा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडून देऊ. फरक पटकथेत आहे, आणि तो एका प्रश्नाने सापडतो: या दृश्यात निर्णय कोण घेतं?

'स्पेस'ची कथा आठवा. सुरुवातीला १९७७. मंगळावरच्या छायाचित्रांत मानवी चेहऱ्यासारखं काहीतरी दिसल्याची चर्चा, आणि मार्कस ऑरेलियस बेल्ट हा माजी अंतराळवीर ती उडवून लावतो. त्याच रात्री त्याला अंतराळातला जुना भयानक अनुभव पुन्हा दिसतो, एक चेहरा अंगावर झेपावताना. मग वर्तमानकाळ. एक उड्डाण अगदी शेवटच्या क्षणी थांबवावं लागतं. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात काम करणारी मिशेल जेनरू घातपाताच्या संशयाने मल्डर आणि स्कलीकडे येते. तिचा होणारा नवरा पुढच्या यानातून जाणार आहे. उड्डाण होतं, संपर्क तुटतो, प्राणवायू कमी होऊ लागतो. सगळी सूत्रं हातात असलेल्या बेल्टच्या अंगात तीच अज्ञात शक्ती शिरलेली आहे. शेवटी तोच कोसळता कोसळता परतीचा मार्ग बदलायला सांगतो, यान वाचतं, आणि तो रुग्णालयाच्या खिडकीतून उडी घेतो.

कथासार वाचायला बरं आहे. आता हातात पेन्सिल घेऊन भाग पुन्हा बघा आणि ज्या निर्णयाने पुढची घटना बदलते, त्याच्यापुढे तो घेणाऱ्याचं नाव लिहा. यानाशी जमिनीवरचा संपर्क तोडायचा: बेल्ट. मोहीम अर्धवट न सोडता पुढे न्यायची: बेल्ट. पत्रकारांना सगळं सुरळीत आहे म्हणून सांगायचं: बेल्ट. परतीचा मार्ग बदलायचा: बेल्ट. मल्डर आणि स्कली काय करतात? प्रश्न विचारतात, कागद चाळतात, मोठ्या पडद्याकडे बघतात आणि एकमेकांकडे बघतात. बेल्ट हा मल्डरच्या बालपणीचा नायक आहे, हे आपल्याला सांगितलं जातं, पण त्या भक्तीपायी मल्डर एकही चूक करत नाही. स्कली डॉक्टर आहे, तिच्यासमोर माणूस कोसळतोय, तरी तिच्या शब्दावर यानाचं काहीच ठरत नाही. दोघांना भागातून उचलून बाजूला ठेवलं तर बेल्ट तेच सगळं करेल. पटकथेच्या भाषेत नायक प्रेक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसलेत. एड लॉटरने बेल्टचं काम मन लावून केलंय आणि भागात जो काही जीव आहे तो त्याच्यामुळे. पण पाहुण्या नटाच्या जिवावर भाग उभा राहतो तेव्हा तो दुसऱ्याच मालिकेतला वाटू लागतो. नवव्याच भागात, म्हणजे प्रेक्षक अजून 'ही मालिका कुणाची' हे ठरवत असताना, हे जास्त महागात पडतं.

'आइस' ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँग यांनी लिहिला, डेव्हिड नटरने दिग्दर्शित केला. अलास्कातल्या बर्फात खोदकाम करणारा चमू एकमेकांना मारून संपलाय. तपासाला सहा जण जातात: मल्डर, स्कली, एक डॉक्टर, एक विषतज्ज्ञ, एक भूशास्त्रज्ञ आणि वैमानिक. बर्फाच्या नमुन्यातून आलेला कृमी माणसाच्या शरीरात शिरून त्याला हिंसक बनवतो. कुणाच्या अंगात तो आहे, कळत नाही.

यातलं एकच दृश्य जवळून बघू. एक मृतदेह सापडलाय आणि त्याच्याजवळ मल्डर. बाकीच्यांना तोच खुनी वाटतो. मल्डर आणि स्कली एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे राहतात, आणि शेवटी मल्डरला एका खोलीत कोंडतात. काही वेळाने स्कली एकटी आत जाते. त्याची मान तपासायची असते, कारण कृमी तिथेच कातडीखाली वळवळताना दिसतो. ती बोटांनी चाचपते. काही नाही. ती वळते, तेवढ्यात मल्डर तिला थांबवतो आणि तिची मान तपासतो. बस, इतकंच. खर्च शून्य: दोन नट, एक कोंदट खोली, एक दिवा. पण इथे दोघांनी निर्णय घेतलेत. पाठ फिरवायची की नाही, हात लावू द्यायचा की नाही, खोटं बोलत असेल तर काय. सात भागांत बांधत आणलेला विश्वास इथे प्रत्यक्ष पणाला लागतो. 'स्पेस'मध्ये या तोडीचा एकही क्षण नाही, कारण त्यात या दोघांना एकमेकांपासून काही धोकाच नाही.

दुसरा दोष धोक्याच्या नियमांचा. 'आइस'मधल्या कृमीचे नियम मोजके आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने कळतात. नमुन्यात आणि रक्तात अमोनिया सापडतो. एक कृमी अंगात असेल तर माणूस हिंसक होतो. दोन कृमी एकाच शरीरात आले तर एकमेकांना मारतात, म्हणजे उपाय आहे. हा उपाय आधी कुत्र्यावर करून बघतात. पण उपायालाही किंमत आहे: निरोगी माणसाच्या अंगात कृमी सोडला तर तो रोगी होईल. म्हणजे आता निदान चुकवून चालणार नाही. प्रत्येक नियम कळला की सुटका होण्याऐवजी पेच आणखी आवळतो.

'स्पेस'मधली शक्ती मात्र बेल्टच्या अंगात आहे, यानाबाहेर आहे आणि जेनरूच्या गाडीसमोरच्या धुक्यातही आहे. तिला काय हवंय, तिला काय जमत नाही, ती एका वेळी किती ठिकाणी असू शकते, याचा पत्ता नाही. जिला सगळंच जमतं तिची भीती दहा मिनिटांत ओसरते, कारण पुढे काय होईल याचा अंदाज प्रेक्षकाला बांधताच येत नाही. अंदाज बांधता आला आणि तो थोडक्यात चुकला, तर अंगावर काटा येतो. त्यात तो उडणारा धूसर चेहरा पडद्यावर दाखवला, तोही वारंवार. १९९३ सालच्या दूरचित्रवाणीच्या तंत्राने जे जमलं ते जमलं, आणि ते फारसं जमलेलं नाही.

मंगळावरच्या चेहऱ्याचं तर नमनालाच घडाभर तेल झालं. ते मूळ छायाचित्र खरं आहे. नासाच्या व्हायकिंग १ या मंगळमोहिमेच्या परिक्रमायानाने २५ जुलै १९७६ रोजी सिडोनिया भागाचं ते टिपलं. तो चेहरा म्हणजे सुमारे ३ किलोमीटर लांबीचं पठार. त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे चाळीसेक मीटर व्यापत होता आणि ऊन तिरकस होतं, म्हणून सावल्यांचे डोळे-तोंड झाले. एप्रिल १९९८ मध्ये नासाच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने दहापट स्पष्ट चित्र घेतलं आणि झिजलेला डोंगर उरला. म्हणजे भाग दाखवला तेव्हा कोडं अजून जिवंत होतं, बीज उत्तम होतं. पण पहिल्या दोन मिनिटांनंतर मंगळाचा आणि यानाचा संबंध कुणी जोडतच नाही. छायाचित्रातल्या चेहऱ्याची भीती 'तिथे खरंच काही आहे की आपले डोळे फसताहेत' या शंकेत असते. तोच चेहरा धुक्यातून अंगावर धावून आला की शंका संपली, आणि तिच्याबरोबर कुतूहलही.

आता खर्च का वाढला ते, कारण 'तयार दृश्यं वापरली की भाग स्वस्तात होतो' हा सापळा आजही तितकाच पक्का आहे. नासाची दृश्यं वापरायला सहसा स्वामित्वशुल्क लागत नाही, हे खरं. पण उड्डाणाचं दृश्य एकटं वापरता येत नाही. ते कुणीतरी बघतंय हे दाखवावं लागतं. त्यासाठी कक्ष हवा, कक्षाला टेबलांच्या रांगा, रांगांमागे माणसं, टेबलावर चालू पडदे. त्या काळी फिल्म कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) घ्यायचा आणि अमेरिकी व्हिडिओ सेकंदाला जवळपास ३० चौकटींचा. तसाच पडदा चित्रित केला तर त्यावर काळा पट्टा सरकताना दिसतो. तो घालवायला पडद्यावरचं चित्र खास २४ चौकटींत तयार करून घ्यायचं आणि कॅमेऱ्याशी जुळवून चालवायचं, असं स्वतंत्र काम असायचं. जितके पडदे तितकी जुळवाजुळव. शिवाय मागे बसलेल्या माणसांपैकी कुणाच्या तोंडी एक वाक्य घातलं की त्याचं मानधन बदलतं. असा कक्ष अर्धवट दाखवून चालत नाही, रुंद चौकटीत तो भरलेलाच दिसावा लागतो.

वेळेचं गणितही बघा. मालिकेच्या एका तासाच्या भागाला साधारण आठ दिवसांचं चित्रीकरण मिळतं, पटकथा पन्नासेक पानांची. म्हणजे दिवसाला सहा पानं. एका खोलीत दोन माणसं बोलत असतील तर सात-आठ पानंही होतात. वीस माणसांच्या कक्षात प्रत्येक वाक्यावर 'कोण कुठे बघतंय' हे सांभाळायचं असतं, कारण ज्याकडे सगळे बघताहेत ते दृश्य संकलनात नंतर चिकटणार असतं. तिथे चार पानं झाली तरी पुष्कळ. उरलेली पानं मग कुठल्यातरी दुसऱ्या दृश्याच्या मानगुटीवर बसतात, आणि बळी जातो तो बहुधा दोन नायकांच्या संवादाचा.

संकलनातली अडचण वेगळी. तयार दृश्याचा पोत, प्रकाश, रंग नव्या चित्रीकरणाशी जुळत नाही, पण प्रेक्षक तेवढं माफ करतो. खरी गोची अशी की तयार दृश्याचा शेवट आधीच ठरलेला असतो. यान उडतं. पात्र काहीही करो, त्या चित्रात फरक पडणार नाही. दृश्यांच्या सोयीने प्रसंग लिहायला लागलं की पात्रांच्या हातात टाळ्या वाजवणं तेवढं उरतं.

यंत्रणेच्या तपशिलांत तर नाट्य फुकट पडून होतं. स्पेस शटलची मुख्य इंजिनं उड्डाणाच्या ६.६ सेकंद आधी पेटायची आणि काही बिनसलं तर यानावरचे संगणकच ती विझवायचे, माणसाने बटण दाबायची वाट न बघता. १९९३ मध्ये असं दोनदा झालं: २२ मार्चला कोलंबिया आणि १२ ऑगस्टला डिस्कव्हरी, दोन्ही सुमारे तीन सेकंद उरलेले असताना. भाग बघणाऱ्यांनी या बातम्या त्याच वर्षी ऐकलेल्या होत्या. शिवाय शटलवर पाच मुख्य संगणक असत, चार एकमेकांवर लक्ष ठेवणारे आणि पाचवा वेगळ्या प्रणालीवरचा, राखीव. मग जमिनीशी संपर्क तोडणं हे संकट आहे की संरक्षण? बेल्ट यानाला मारतोय की स्वतःच्या हातातून वाचवतोय? पटकथेत हा प्रश्न जाता जाता येऊन जातो. खरं तर अख्खा भाग त्यावर उभा करता आला असता.

आहे त्याच सामानात भाग कसा वाचवता आला असता, ते सांगतो. पहिलं काम: यानाच्या आतली सगळी दृश्यं काढून टाका. आत काय चाललंय ते फक्त आवाजातून आणि आकड्यांतून कळू द्या. एक सेट वाचला, आणि शक्तीचा चेहरा दाखवायची गरजही संपली. दुसरं: संकट स्कलीच्या विद्येत आणा. यानातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांत शोषला जायचा. ते काम थांबलं की आधी डोकेदुखी, मग गोंधळ, मग चुकीचे निर्णय. कक्षातल्या अभियंत्यांना आकडे दिसतील, पण वैमानिकाच्या अडखळत्या बोलण्यावरून 'हा आता यान उतरवायच्या स्थितीत नाही' हे स्कली ओळखेल. तिसरं: बेल्टला पदावरून दूर करायचा वैद्यकीय निर्णय स्कलीच्या सहीवर ठेवा. तो गेला तर घातपात थांबेल, पण यान खाली आणायची अक्कल असलेला एकमेव माणूसही जाईल. चौथं: मल्डरला त्याविरुद्ध उभा करा. बेल्ट दोषी असल्याचा कागद त्याला आधी सापडू द्या आणि बालपणीच्या नायकासाठी तो एक तास दाबून ठेवू द्या. त्या एका तासात जेनरूच्या गाडीला अपघात होऊ द्या. आता तिसऱ्या अंकाच्या शेवटी (जाहिरातींमुळे असा भाग चार अंकांत विभागलेला असतो) स्कलीला तो कागद सापडला की जाहिरातीला जाताना प्रेक्षक जागचा हलणार नाही. यात एक रुपयाचाही जादा खर्च नाही, उलट मागे बसलेली निम्मी माणसं कमी करता येतील.

स्वतःच्या लेखनासाठी वरची पेन्सिल-परीक्षा पुरेशी आहे, पण ती पहिल्या खर्ड्यावर न करता प्रसंगयादीवरच करा. संवाद लिहून झाले की एखादं दृश्य काढणं जिवावर येतं. मुख्य पात्राच्या नावासमोर तीनपेक्षा कमी निर्णय निघाले तर थांबा. पाहुण्या पात्राचे निर्णय उचलून नायकाला देता येतात का बघा. बहुतेक वेळा येतात, फक्त नायक थोडा वाईट दिसेल म्हणून लेखक कचरतो.

धोक्याचे नियम वेगळ्या कागदावर चार ओळींत लिहा: कसा शिरतो, काय करतो, काय करू शकत नाही, कशाने थांबतो. तिसरी ओळ रिकामी राहिली तर भाग 'स्पेस'च्या वाटेने निघालाय. मग पटकथेत 'पडद्यावर दिसतं' असे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा. प्रत्येक खुणेमागे चित्रीकरणाचा किमान अर्धा तास आणि एका पात्राचं निष्क्रिय उभं राहणं दडलेलं असतं.

एका जागेत भाग कोंडायचा तर माणसं मोजून घ्या. 'आइस'मध्ये सहा जण आहेत, म्हणजे संशयाच्या १५ जोड्या. वैमानिक लवकर मरतो, उरतात १०. प्रत्येकाचा पेशा वेगळा असल्यामुळे एकाच पुराव्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो, आणि त्यासाठी ओढूनताणून भांडण लावावं लागत नाही. चार माणसं असतील तर सहाच जोड्या, त्या पाऊण तास पुरत नाहीत. आठ झाली तर नावं लक्षात ठेवण्यातच प्रेक्षकाचा पहिला अंक जातो. 'स्पेस'च्या कक्षात भरपूर चेहरे आहेत आणि नाव लक्षात राहतं ते दोघांचं.

शेवटच्या दृश्याचं एक राहिलं. 'स्पेस'मध्ये सगळं संपल्यावर मल्डर सांगतो की ती शक्ती बेल्टकडून घातपात करवत होती आणि त्याच्यातल्या खऱ्या अंतराळवीराने जीव देऊन यान वाचवलं. भागातला सगळ्यात चांगला विचार हाच, आणि तो घटना संपून गेल्यावर तोंडी कळवला जातो. असं वाक्य तुमच्या पटकथेत शेवटच्या पानावर सापडलं तर ते उचलून दुसऱ्या अंकाच्या अखेरीला नेऊन ठेवा, नायकाच्या तोंडी, तेही अंदाज म्हणून. मग उरलेले दोन अंक तो अंदाज खरा की खोटा हे ठरवण्यात जातील आणि शेवटच्या पानावर कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.